पावसाला वाट करून द्या: कोल्हापुरातल्या गच्चीवरची बाग आणि घरच्या घरी सजावट

कुंडीतली झाडं उन्हानं मरतात असं बहुतेकांना वाटतं. कोल्हापुरात माझा अनुभव उलटा आहे. एप्रिलमध्ये मान टाकलेलं झाड संध्याकाळी दोन तांबे पाणी मिळालं की सकाळी पुन्हा ताठ उभं असतं. जुलैत मात्र झड लागते, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि वर पानं हिरवी असतानाच खाली मुळं कुजून गेलेली असतात. गच्चीवर बाग सुरू केली त्या पहिल्याच पावसाळ्यात माझी तुळस, दोन गुलाब आणि एक मोगरा असेच गेले. उपटून बघितलं तर मुळं काळी पडलेली आणि मातीला गटारासारखा वास. फार वाईट वाटलं होतं, कारण मोगरा आईनं दिलेला होता.

तेव्हापासून मी बाग आधी पावसासाठी बांधते, मग उन्हासाठी सावरते. सजावटही त्याच कामातून निघते. कुंडी, तिचा रंग, वेलाची ताटी, दारातलं घंगाळ, यातलं काहीच निव्वळ शोभेचं नाही. सुरुवात कधीही करता येते, पण मे महिना सगळ्यात सोयीचा. मृग ७-८ जूनला लागतो. तोवर कुंड्या, माती आणि पाण्याच्या वाटा तयार असल्या की पहिल्या पावसाबरोबर लावणी करता येते.

आधी जागा नीट बघा

एक सुट्टीचा दिवस घ्या. सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता एकाच जागेवरून गच्चीचा किंवा गॅलरीचा फोटो काढा. ऊन कुठं किती वेळ पडतं हे तीन फोटोंत कळतं. पाच-सहा तास ऊन मिळतं तिथं मिरची, टोमॅटो, गुलाब, मोगरा, झेंडू. तीन-चार तासांच्या कोवळ्या उन्हात कोथिंबीर, मेथी, पुदिना. ऊन नाहीच तिथं मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि ओल टिकत असेल तर अळू. एक गोष्ट ध्यानात ठेवा: मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. हिवाळ्यात अंधारी वाटणाऱ्या उत्तरेच्या गॅलरीत मे महिन्यात झाडं करपतात ती यामुळं. तिथल्या नाजूक कुंड्या तेवढ्या काळापुरत्या आत घ्या.

मग वजन. १२ इंची कुंडी भिजलेल्या मातीसकट १८-२० किलो भरते. अशा दहा कुंड्या म्हणजे दोन क्विंटल. स्लॅबच्या मधोमध त्यांची गर्दी करू नका, भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर मांडा. पेठांमधल्या जुन्या घरात माडीची जमीन लाकडी असेल तर तिथं मातीच्या मोठ्या कुंड्या ठेवूच नका, अंगणात किंवा मागच्या चौकात ठेवा. कठड्यावर कुंडी कधीच नको. वळवाच्या वाऱ्यात ती रस्त्यावर पडली तर खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

शेवटी पाण्याची वाट. गच्चीवर चार बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासानं परत या. जिथं डबकं राहिलं ती जागा आधी गवंड्याकडून दुरुस्त करून घ्या, कुंड्या नंतर. पाणी खाली नेणाऱ्या पाइपच्या तोंडाला जाळी बसवा आणि त्याच्याभोवती दोन हात जागा मोकळी सोडा. पावसाळ्यात ही जाळी मी रोज सकाळी साफ करते. एका रात्रीत गळलेल्या पानांनी तोंड बुजतं आणि गच्चीचं तळं होतं.

कुंडी

आपल्या हवेला मातीची कुंडी उत्तम. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते, म्हणून झडीच्या दिवसांत ती प्लॅस्टिकपेक्षा लवकर सुकते. पापाची तिकटी, गंगावेस, शाहूपुरी, बापट कॅम्प या कुंभारवस्त्यांत गणपतीआधीचे दोन-तीन महिने मूर्तींची घाई असते, तेव्हा कुंड्यांची खरेदी उन्हाळ्यातच उरकलेली बरी. घेताना बोटाच्या पेरानं ठोकून बघा. खणखणीत वाजली तर चांगली भाजली आहे, बद्द वाजली तर कुठंतरी तडा आहे. पहिली कुंडी घेताना एका कुंभारमावशींनी सांगितलं होतं, "ताई, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग माती भरा. न्हाई तर कुंडीच सगळं पाणी पिऊन टाकंल." हे अगदी खरं आहे. बुडबुडे थांबेपर्यंत कुंडी भिजू द्यावी.

तळाला बोटभर रुंदीची तीन-चार भोकं हवीत. एकच असेल तर ड्रिलनं आणखी पाडून घ्या, हातोडीनं नको. भोकावर खापरीचा एक बाकदार तुकडा उपडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. त्यावर खडीचा थर घालायची पद्धत सगळीकडं दिसते, पण तिचा उपयोग होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजासहजी उतरत नाही. ते मातीच्या तळाशीच धरलं जातं, आणि खडीनं जागा खाल्ल्यामुळं ही ओली पट्टी मुळांच्या आणखी जवळ येते. खडी घालायचीच असेल तर कुंडीच्या खाली घाला. प्रत्येक कुंडी विटेच्या तीन तुकड्यांवर टेकवा. भोकं मोकळी राहतात, स्लॅब सुकतो, आणि कुंडीखाली गोम-झुरळांचं घर होत नाही.

तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबाही झकास चालतो. आडवा करून वरची बाजू कापली की मेथी-कोथिंबिरीचा वाफा तयार. कडा पकडीनं आत दुमडून ठोकून घ्या, हात कापतात. खिळ्यानं तळाला आठ-दहा भोकं पाडा, पण आतून बाहेर. बाहेरून पाडली तर पत्र्याची उचललेली कड आत राहते आणि तिच्याभोवती पाणी साचतं. गंज टाळायला आतून-बाहेरून रेड ऑक्साइडचा हात मारून पूर्ण वाळू द्या.

माती: सगळा खेळ इथंच

जिल्ह्यात मातीचे दोन मोठे स्वभाव. पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती मोकळी, पाणी सोडणारी. शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती कसदार, पण भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. शेतात तिच्यासारखी दुसरी नाही, कुंडीत मात्र ती चिखल होते. तांबडी मिळाली तर तीच घ्या. काळीच हाताशी असेल तर एकूण मिश्रणाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नको.

पाच १२ इंची कुंड्यांसाठी माझं माप घमेल्याचं आहे: २ घमेली तांबडी माती, २ घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, १ घमेलं भाताचं तूस आणि १ घमेलं विटांचा भरड चुरा. शिवाय प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. तूस भाताच्या गिरणीत मिळतं. ते लवकर कुजत नाही, म्हणून दोन पावसाळे तरी माती मोकळी ठेवतं. कोकोपीट मी पावसाळ्याच्या तोंडावर वापरत नाही, कारण ते पाणी धरून ठेवतं आणि आपल्याला तेव्हा नेमकं उलटं हवं असतं.

साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळताना उरलेला गाळ) किंवा बगॅस (रस काढलेल्या उसाचा चोथा) आणणार असाल तर ते पूर्ण कुजलेलंच आणा. ताजं प्रेसमड तापतं आणि मुळं भाजतात. ताजा बगॅस कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि झाडं पिवळी पडतात. ढिगात हात घालून बघा. गार लागला आणि पावसात भिजलेल्या रानासारखा वास आला तर वापरण्याजोगं झालं.

मिश्रण भरण्याआधी दोन परीक्षा घ्या. ओलसर मिश्रण मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर फुटला पाहिजे. मग एक कुंडी भरून तिच्यात लिटरभर पाणी ओता. मिनिटभरात खालून पाणी येऊ लागलं तर उत्तम. दोन-तीन मिनिटांनंतरही वर पाणी तरंगत असेल तर आणखी तूस आणि चुरा मिसळा. या एका परीक्षेनं माझ्या जितक्या कुंड्या वाचल्या तितक्या कुठल्याही औषधानं वाचल्या नाहीत. भरताना वरची दोन बोटं जागा रिकामी ठेवा.

कुंडीवर साज

मातीच्या कुंडीला ऑइल पेंट देऊ नका. दिसायला चकचकीत होते, पण तिची सगळी छिद्रं बुजतात आणि ओल बाहेर पडायचा मार्ग बंद होतो. ज्या गुणासाठी मातीची कुंडी घेतली तोच गेला. आपल्या घरांच्या भिंतींना आणि तुळशीवृंदावनाला लागत आलेले गेरू आणि चुना हेच कुंडीचे खरे रंग.

पाव किलो गेरू रात्री अर्ध्या लिटर पाण्यात भिजत घाला. दोन चमचे डिंक वेगळा वाटीभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी दोन्ही एकत्र करून जुन्या सुती कापडातून गाळा. कोरड्या कुंडीवर रुंद ब्रशनं पातळ हात द्या, तासाभरानं दुसरा. पांढऱ्यासाठी कळीचा चुना घरी विझवत बसू नका, उकळतो आणि अंगावर उडतो. बाजारातला भिजवलेला चुना घ्या, थोडं डिंकाचं पाणी घालून दह्याइतका दाट ठेवा. हातात मोजे घाला आणि मुलांच्या डोळ्यांजवळ जाऊ देऊ नका.

नक्षी काय काढायची? आपल्याकडं कोल्हापुरी साज आहे ना. त्यातली चंद्र, कमळ, बेलपान, शंख, कासव, भुंगा ही पानं, म्हणजे पदकं, साध्या रेषांत काढता येतात. कुंडीच्या गळ्याखाली सुतळी बांधून तिच्या आधारानं गोल रेघ मारा. त्या रेघेवर दर दोन इंचांनी एक पान आणि दोन पानांमध्ये काडेपेटीच्या काडीनं तीन ठिपके, साजात मणी असतात तसे. बारीक रेषेला काडीच्या टोकावर कापूस गुंडाळा. सहा कुंड्या अशा ओळीनं मांडल्या की गच्चीच्या गळ्यात दागिना घातल्यासारखं दिसतं.

हा रंग धो-धो पावसात टिकत नाही. म्हणून मी हे काम पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या आधी करते आणि जूनपर्यंत तो छान राहतो. सज्जाखालच्या कुंड्यांवर वर्षभर टिकतो.

काय लावायचं आणि कधी

जून-जुलैत फांदीपासून येणारं सगळं लावून घ्या: जास्वंद, मोगरा, शेवंती, पुदिना. पेन्सिलएवढ्या जाडीची वीतभर फांदी, खालचा काप डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली, वर फक्त दोन-तीन पानं. एक-दोन डोळे मातीत जातील इतकी खोचा. पुदिन्याच्या बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या तरी आठवड्यात मुळं फुटतात. गवती चहा आणि कढीपत्त्याची रोपं आणून लावा.

दसऱ्याचा झेंडू घरचा हवा असेल तर जुलैच्या मध्यावर बी टाका. चार आठवड्यांनी रोप १० इंची कुंडीत एकेकटं हलवा. ते वीतभर झालं की शेंडा खुडा. खुडताना हात धजावत नाही, पण बाजूच्या फांद्या त्यानंच फुटतात आणि एकाच्या जागी दहा फुलं येतात.

पाऊस उघडला की ऑक्टोबरपासून स्वयंपाकघराची बाग. धने लाटण्यानं हलके रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा, अर्ध्या बोटावर पेरा. आठ-बारा दिवसांत उगवतात, दीड महिन्यात जुडी. मेथी तर चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात खुडायला मिळते. दर पंधरा दिवसांनी एक डबा पेरला की थंडीभर बाजारातून आणावी लागत नाही. तांबड्या रश्श्यावर गच्चीवरून खुडून आणलेली कोथिंबीर टाकायचं सुख वेगळंच आहे. मिरचीचं रोप पाच-सहा आठवड्यांचं झालं की १२ इंची कुंडीत एकच लावा. जागा दिसते म्हणून दोन लावली तर दोन्ही उपाशी राहतात.

पाणी घड्याळावर घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात १२ इंची कुंडीला सकाळी लिटर-दीड लिटर लागतं. मार्च ते मे ५० टक्क्यांची शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) आणि मातीवर दोन बोटं उसाचं पाचट बारीक करून पसरा. आपल्याकडं पाचटाला तोटा नाही.

गुळाचं जीवामृत

जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवून केलेलं पातळ खत. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेलं त्याचं माप २०० लिटरचं आहे. कुंड्यांसाठी त्याचा विसावा हिस्सा पुरतो: १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. गूळ काळसर, बिनरसायनाचा घ्या. पिवळाधमक बहुतेक वेळा रसायनं घालून स्वच्छ केलेला असतो. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून गोणपाटानं झाका, सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा. तिसऱ्या दिवशी तयार. आठवड्याच्या आत संपवा. एक भाग जीवामृतात दहा भाग पाणी घालून प्रत्येक कुंडीला एक-दोन कप, पंधरा दिवसांतून एकदा. झडीत देऊ नका, सगळं वाहून जातं.

पावसाळ्यातली राखण

जून लागला की पाचट काढून टाका, त्याखाली गोगलगायी लपतात. एका रात्रीत त्या मेथीचा सगळा डबा फस्त करतात. उपाय आपल्या घरातच आहे. गोणपाटाचे तुकडे गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांमध्ये पसरा. सकाळी उचलले की खाली गोगलगायी गोळा झालेल्या दिसतात. चिमट्यानं उचलून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ थेट कुंडीत कधीच टाकू नका, माती बाद होते.

कुंड्यांखालच्या ताटल्या चारही महिने काढून ठेवा. पाणी साचून मुळं कुजतात आणि डासही होतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा आणि तिला छपराखाली घ्या. मिरचीची पानं मुरडू लागली किंवा पांढरा मिलीबग (कापसासारखी दिसणारी कीड) दिसला तर ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, गाळा, चमचाभर भांडी घासायचा लिक्विड साबण घाला आणि उघडीप मिळेल त्या संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा.

भिंत, खिडकी, दार

वेलाची ताटी बुरूडाकडून कामट्या आणून घरीच बांधता येते. सहा फुटांचे दोन उभे बांबू, तीन फुटांच्या पाच आडव्या कामट्या, मध्ये फुटाफुटाचं अंतर. बांधायला सुतळी नको, पावसात कुजते; काथ्याची दोरी घ्या आणि प्रत्येक जोडावर फुलीसारखी दोनदा आवळा. ताटी भिंतीला चिकटवू नका. मागं दोन इंचांचे लाकडी ठोकळे द्या, म्हणजे वारा खेळतो आणि भिंत ओल धरत नाही. गोकर्णाच्या बिया रात्रभर भिजवून जूनमध्ये लावा. दोन महिन्यांत निळ्या फुलांचा पडदा होतो आणि खिडकीला पश्चिमेचं ऊनही लागत नाही.

करवंट्या फोडताना अर्ध्या-अर्ध्या नीट फुटल्या तर जपून ठेवा. काचकागदानं घासा, कडेला सारख्या अंतरावर तीन भोकं, तळाला एक, आणि बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात. काथ्याची दोरी ओवून खिडकीत वर-खाली टांगा. त्यात चिनी गुलाबाची दोन इंचांची काडी खोचली की पंधरा दिवसांत धरते. मात्र ऊन हवं, नाहीतर फुलं उघडत नाहीत.

घरात जुनं पितळी घंगाळ असेल तर ते माळ्यावर ठेवू नका. चिंच-मिठानं घासून दाराशी पाणी भरून ठेवा आणि त्यात गच्चीवरचा झेंडू, गोकर्ण, जास्वंद सोडा. पाणी दर तीन दिवसांनी बदला आणि जुनं कुंड्यांना घाला.

गौरी-गणपतीच्या सजावटीची तयारी जूनमध्येच सुरू होते. आपल्याकडं गौर तेरड्याची. पहिल्या पावसात तेरड्याचं बी पसरट कुंडीत टाकलं तर भाद्रपदात तो फुलावर असतो, आणि अंगणातली गौर घरात आणता येते. मखराला मग थर्माकोल लागत नाही. ताटीच्याच उरलेल्या कामट्यांची कमान, तिला गोकर्णाचा वेल आणि अळूची पानं पुरेत. मूर्ती शाडूची असेल तर घरीच बादलीत विसर्जन करा. उरलेली शाडू बारीक आणि चिकट असते, म्हणून ती एकाच कुंडीत ओतू नका. वाळवून, कुटून, घमेल्यामागे ओंजळभर एवढीच नव्या मिश्रणात घाला. निर्माल्यातले दोरे आणि जरी काढून बाकीचं खताच्या डब्यात टाका.

आणि एक कुंडी जोतिबाला वाहायच्या दवण्यासाठी राखून ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचं अगदी बारीक बी चिमूटभर वाळूत मिसळून मातीवर भुरभुरा. वर माती टाकू नका, फक्त फवाऱ्यानं भिजवा. रोपं बोटभर झाली की वीतभर अंतरावर हलवा आणि पाणी बेतानं द्या, दवण्याला ओल सोसत नाही. चार महिन्यांत हाताचा स्पर्श झाला तरी बोटांना वास राहील इतका तो भरतो. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर जाताना पहाटे कुंडीतूनच जुडी कापून घ्या. दोन काड्या मात्र बियांसाठी तशाच उभ्या ठेवा.